टाके पिकू नयेत म्हणून: व्हिक्रिल प्लस कुठे वापरावा, कुठे नको

व्हिक्रिल म्हणजे शरीरात विरघळणारा, टाके घालायचा दोरा. साध्या व्हिक्रिलचं आणि व्हिक्रिल प्लसचं पाकीट फोडून दोन्ही दोरे शेजारी धरले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्हीही वेणीसारखे विणलेले, पॉलिग्लॅक्टिन 910 या कृत्रिम धाग्याचे. फरक फक्त लेपात आहे. प्लसमध्ये ट्रायक्लोसान हे जंतुनाशक असतं, मीटरमागे जास्तीत जास्त 472 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही. विणलेल्या दोऱ्याच्या पेडांत जंतू दडून बसतात. तिथे त्यांना बूड टेकू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते चालतं, त्यांच्यातल्या औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसएवरही. ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास जंतू मात्र त्याला दाद देत नाही. तेव्हा ड्रेसिंगवर हिरवट पू दिसत असेल तर दोऱ्याला बोल लावण्याआधी ऑपरेशन थिएटरमधले नळ, सक्शनच्या बाटल्या आणि लोशनचे बाउल बघा.

हाताळायला साध्यासारखाच. सुई, तिला दोरा जोडलेल्या टोकाकडून एक तृतीयांश ते निम्म्या अंतरावर धरावी, आणि दोरा नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या चिमट्याच्या) जबड्यात कधीच नको, पेड चिरडतात. लेपामुळे दोरा गुळगुळीत, म्हणून गाठ सपाट चौकोनी बसवून वर एक-दोन वेढे जास्त द्यावे लागतात. घाईत दिलेली उलटी गाठ हमखास सरकते. ताकद दोन आठवड्यांनी 75 टक्के, तिसऱ्याला 50, चौथ्याला 25. लेपाने यात काही फरक पडत नाही. म्हणूनच पोटाची मधली उभी चीर 1 नंबर जाडीच्या व्हिक्रिल प्लसने बंद करणं आम्हाला पटत नाही. शीथ, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरचं बळकट आवरण, भरून यायच्या आत दोरा ढिला पडतो आणि पुढे तिथेच हर्निया. तिथे पीडीएस प्लस घ्या, म्हणजे ट्रायक्लोसानचाच पण सावकाश विरघळणारा दोरा, 2-0 जाडीचा. कडेपासून 5 मिलिमीटर, दोन टाक्यांत 5 मिलिमीटर, आणि जखमेच्या लांबीच्या चौपट तरी दोरा लागला पाहिजे.

गुण किती? 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने असे दोरे सुचवले खरे, पण सशर्त. त्याआधी 2014 मध्ये जर्मनीतल्या 24 रुग्णालयांच्या प्राउड चाचणीत पीडीएस प्लसने 14.8 टक्के जखमा पिकल्या, साध्याने 16.1, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. 2021 च्या फाल्कन चाचणीत भारतासह सात देशांतले 5788 रुग्ण होते, तिथेही फरक पडला नाही. आमच्या मते स्वच्छ किंवा थोड्या दूषित शस्त्रक्रियेत, मधुमेही किंवा जाड चरबीच्या रुग्णात जास्तीचे पैसे एक वेळ समजण्यासारखे. फुटलेल्या अपेंडिक्सला नाहीत. तिथे आतच घाण झालेली असते, दोऱ्यावरचं औषध कुठे पुरणार.

साठवणीत मात्र आपल्याकडे गडबड होते. पाकिटावर 25 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या डीलरकडून अथणी-चिकोडीकडे जाणारा खोका बसच्या टपावर दुपारभर तापतो. माल सकाळच्या गाडीने मागवा. खानापूरच्या पावसाळ्यात उलटं दुखणं: दोरा ओलाव्यानेच विरघळायला लागतो, म्हणून फॉइल टाका घालायच्या वेळीच फोडावं. उरलेला अर्धा दोरा स्पिरिटमध्ये किंवा बीटाडीनमध्ये बुडवून पुढच्या केसला वापरणं ही काटकसर नव्हे. ऑटोक्लेव्हही चालत नाही.

आणि महागडा दोरा आणून बाकी सगळं जुन्या पद्धतीचं असेल तर उपयोग शून्य. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढले की कातडीवर बारीक चिरा पडतात. अडचणीचेच केस तेवढे क्लिपरने काढा. अँटिबायोटिक चीर द्यायच्या आधी तासाभरात शिरेतून गेलेलं हवं, सिझेरियनलाही. चीर दिल्यावर दिलं तर उशीर झाला.

एकाच गोष्टीला पैसे असतील, तर पोट बंद करण्याआधी सगळ्यांचे हातमोजे बदला आणि क्लोजरचा (जखम बंद करायचा) वेगळा निर्जंतुक ट्रे उघडा. 2022 च्या चीता चाचणीत एवढ्यानेच जखमा पिकण्याचं प्रमाण 18.9 वरून 16 टक्क्यांवर आलं. ट्रेमध्ये नीडल होल्डर, दाताचा फोर्सेप्स, कात्री, दोन आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचे चिमटे) आणि रिट्रॅक्टर, बस. दोऱ्याची ऑर्डर त्यानंतर लिहा.