शटरची मोटर घेताना अ‍ॅप सगळ्यात शेवटी बघा

बडोद्यात गोत्री, वासणा, मांजलपूरकडे बंगला बांधला की गाडीच्या शटरला नाहीतर कंपाउंडच्या सरकत्या गेटला फोनवरून चालणारी मोटर हवीशी वाटते. दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी दाखवलं जातं ते अ‍ॅप. ते तूर्त बाजूला ठेवा. वायफायचा भाग म्हणजे काडेपेटीएवढा रिले (फोनच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), तो कधीही बदलता येतो. मोटर मात्र एकदा भिंतीला किंवा काँक्रीटमध्ये बसली की बदलताना पुन्हा तोडफोड. म्हणून आधी दाराचं वजन, मग पावसाचं पाणी, मग लाइट जाणं, आणि हे सगळं जमलं की फोन.

अमेरिकेहून येणारे नातेवाईक चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टर या तिकडच्या ब्रँडची गॅरेज ओपनरची पेटी आणतो म्हणाले तर नको म्हणा. तिकडची यंत्रं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. शिवाय ती बनलेली असतात छताखाली आडव्या जाणाऱ्या, जोडलेल्या फळ्यांच्या सेक्शनल दारासाठी. त्यात दाराचं वजन टॉर्शन स्प्रिंग पेलते आणि मोटर रुळावरची ट्रॉली फक्त ओढते. आपलं शटर पाइपाभोवती गुंडाळलं जातं, त्याला ट्रॉली जोडायची कुठे? ज्यांच्याकडे खरोखर सेक्शनल दार आहे त्यांनी 230 व्होल्टची, बेल्टवर चालणारी मोटर घ्यावी. चेनपेक्षा आवाज कमी, वर झोपायची खोली असेल तर फरक रोज जाणवतो. मात्र आधी दार हाताने कमरेइतकं उचलून हात सैल करून बघा. जागेवर थांबलं तर स्प्रिंग बरोबर. खाली यायला लागलं तर पैसे आधी स्प्रिंगवर घाला.

आता शटर, कारण बहुतेक घरांत तेच असतं. वजनाचा हिशोब घरीच होतो. 10 फूट रुंद आणि 8 फूट उंच शटर म्हणजे 80 चौरस फूट, साधारण 7.4 चौरस मीटर. 18 गेजचा पत्रा सुमारे 1.2 मिलिमीटर जाड असतो, त्याच्या सपाट चौरस मीटरचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास. पट्टीला वळणं असल्याने पत्रा जास्त लागतो, म्हणून 12 किलो धरा. एकूण 90 किलो, खालची जाड पट्टी धरून शंभर. शटरला स्प्रिंग असतील आणि ते हाताने सहज वर जात असेल तर पाइपावर मधोमध बसणारी सेंट्रल मोटर चालते. गिअरचं, बिनस्प्रिंगचं शटर असेल तर पूर्ण वजन मोटरला उचलावं लागतं, तिथे बाजूला बसणारी चेनवाली साइड मोटर घ्या आणि क्षमता हिशोबाच्या किमान दीडपट ठेवा. आमची पसंती साइड मोटरला आहे, आणि कारण साधं आहे: तिच्यावर हाताने ओढायची साखळी असते. लाइट गेली, बोर्ड बिघडला, काहीही झालं तरी साखळी ओढून गाडी बाहेर काढता येते. पाइपाच्या आत लपणारी ट्युब्युलर मोटर दिसायला छान, पण ती हलक्या अ‍ॅल्युमिनियम शटरसाठी. बहुतेक ट्युब्युलर मोटरी सलग चारच मिनिटं चालायला बनवलेल्या असतात, मग आतला थर्मल कट पडतो आणि गार होईपर्यंत काहीच हलत नाही. मे महिन्यात पश्चिमेकडे तोंड असलेल्या शटरवर हा कट लवकर पडतो. मोटर जळाली समजून घाबरू नका, अर्धा तास थांबा.

शटरला मोटर लावताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. जुन्या कड्या आणि बाजूची कुलपं तशीच ठेवली जातात. रात्री घरातलं कोणी सवयीने कडी घालतं, सकाळी दुसरं कोणी रिमोट दाबतं. मोटर खेचते, खालची पट्टी जागची हलत नाही, आणि मधल्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात. वाकलेली पट्टी नंतर गाइडमध्ये अडकत राहते, सरळ करून भागत नाही, बदलावीच लागते. त्यामुळे कड्या कापून टाका. ठेवायच्याच असतील तर कडीवर मायक्रोस्विच बसवून घ्या, म्हणजे कडी लागलेली असताना मोटरला सप्लायच जाणार नाही.

सरकत्या गेटचं गणित वेगळं. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा गेटला अडकवून हळू ओढा. 300 किलोचं गेट चांगल्या चाकांवर असेल तर दहाएक किलोच्या ओढीने हललं पाहिजे. वीस लागत असतील तर दोष रुळात किंवा चाकांच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि जास्त ताकदीची मोटर घेऊन तो झाकला तर वर्षभरात मोटरचा गिअर झिजतो. नाइस, कॅम, बीएफटी, फाक या इटालियन कंपन्यांच्या मोटरी इथे मिळतात, स्वस्त चिनीही मिळतात. नावापेक्षा आम्ही दोन गोष्टी बघतो: 24 व्होल्ट डीसी आहे का, आणि अडथळा ओळखणारा एन्कोडर आहे का. डीसी मोटर शेवटच्या फुटात हळू होते, गेट आदळत नाही, आणि 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर लाइट नसतानाही चालते. 230 व्होल्टची एसी मोटर स्वस्त पडते, पण कपॅसिटर कमजोर झाला की नुसती गुणगुणते, गेट हलत नाही. तेवढं झालं तर कपॅसिटर बदला, मोटर नाही.

गेटवरची दातेरी पट्टी आणि मोटरचं चाक यांत एक ते दोन मिलिमीटर फट हवी, पूर्ण लांबीभर. फट नसेल तर गेटचं वजन चाकावर येतं आणि शाफ्टचं बेअरिंग जातं. फिटर काम संपवून निघायच्या आधी गेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सरकवत तीन-चार ठिकाणी ही फट बघा.

आणि पाणी. सरकत्या गेटची मोटर जमिनीपासून जेमतेम चार इंच उंच ओट्यावर बसवतात. 31 जुलै 2019 चा पाऊस आणि ऑगस्ट 2024 अखेरचा विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना चार इंच म्हणजे काय हे सांगायला नको. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा अशा नदीजवळच्या सखल गल्ल्यांत आमचा सल्ला स्पष्ट आहे: शक्य असेल तर शटर किंवा वर बसणारी मोटरच घ्या. गेटच हवं असेल तर मोटरचा ओटा दोन-अडीच फूट उंच बांधून घ्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून गेटला त्या उंचीवर आडवा पाइप जोडून दातेरी पट्टी तिथे बसवा. खर्च थोडाच वाढतो. पाणी शिरलंच तर उतरल्यावर लगेच चालू करून बघू नका. एमसीबी खाली, झाकण उघडा, बोर्ड काढून गोड्या पाण्याने गाळ धुवा आणि पूर्ण वाळवा. बोर्ड बहुतेक वेळा ओल्याने नाही, ओला असताना सप्लाय दिल्याने जळतो.

पावसाइतकाच त्रास पालीचा. झाकण काढलं की टर्मिनलच्या दोन स्क्रूंवर आडवी, वाळलेली पाल सापडते, बाजूला काळा डाग आणि उडालेला फ्यूज. वायर आत जाते त्या भोकांना केबल ग्लँड लावून उरलेली फट सिलिकॉनने बंद करून घ्या. मुंग्याही तिथूनच येतात.

सेफ्टी सेन्सरच्या बाबतीत तडजोड करू नका. अमेरिकेत घरगुती गॅरेज ओपनरला फोटोसेल (दाराच्या दोन बाजूंना लावलेली, मधला किरण अडला की दार थांबवणारी सेन्सरची जोडी) किंवा तत्सम सोय 1993 पासून सक्तीची आहे, आपल्याकडे कोटेशनमध्ये तोच रकाना आधी खोडला जातो. एकच जोडी लावायची तर उंची नीट ठरवा. सहा इंचांवर लावली तर रांगतं मूल आणि कुत्रं सापडतं, पण उभ्या गाडीच्या पोटाखालून किरण आरपार जातो. दीड फुटावर लावली तर गाडी सापडते, मूल निसटतं. म्हणून दोन जोड्या. दार बंद होताना मधे झाडू धरा. ते थांबून उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर बोर्डावर फोटोसेलच्या टर्मिनलमध्ये वायरचा छोटा तुकडा घालून सेन्सर बायपास केलेला आहे का ते बघा. सेन्सर वारंवार दार थांबवतो अशी तक्रार टाळायला काही फिटर असं करतात.

आता फोन. मोटरच्या बोर्डावर पुश बटणाची दोन टर्मिनल असतात, त्यांना ड्राय कॉन्टॅक्ट रिले लावला की काम झालं. शेली 1 सारखा, ज्याच्या आउटपुटमध्ये स्वतःचं व्होल्टेज नसतं, तोच घ्या. दिवा-पंख्यासाठीचे बरेच रिले आउटपुटला 230 व्होल्ट देतात, ते या टर्मिनलला जोडले की बोर्ड त्याच क्षणी जातो. सेटिंगमध्ये रिले अर्ध्या ते एका सेकंदात आपोआप बंद होईल असं ठेवा. आणि सप्लाय परत आल्यावरची स्थिती न चुकता ‘बंद’ ठेवा. ती ‘चालू’ राहिली तर दुपारी लाइट जाऊन येते आणि रिकाम्या घराचं शटर आपोआप उघडतं. दार खरंच बंद आहे की नाही हे रिलेला कळत नाही, त्यासाठी चौकटीवर रीड सेन्सर (चुंबक जवळ आला की दार बंद असल्याचं कळवणारा) वेगळा लावा.

जे मॉड्यूल इंटरनेटशिवाय, घरच्या वायफायवरही चालतं तेच घ्यावं. ऑक्टोबर 2023 मध्ये चेंबरलेनने मायक्यू या आपल्या अ‍ॅपच्या सर्व्हरला परवानगीशिवाय जोडणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅपना बंदी केली आणि होम असिस्टंट या घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती जोडणी काढून टाकावी लागली. यंत्र ग्राहकाचं, पण किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर, ही अवस्था घराच्या दाराला नको. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि सिग्नल 2.4 गिगाहर्ट्झचा ठेवा. रिमोट फाटकाशी आल्यावरच चालत असेल तर अँटेना बघा. 433.92 मेगाहर्ट्झच्या रिमोटचा सिग्नल पकडायला बोर्डाला सुमारे 17 सेंटिमीटरची सरळ वायर लागते, पण ती बऱ्याचदा लोखंडी पेटीत गुंडाळून ठेवलेली असते.

पैसे देताना फिटरकडून मॅन्युअल रिलीजच्या दोन्ही चाव्या मागून घ्या आणि एक घराच्या आत नाही, बाहेरून हाती येईल अशा ठिकाणी ठेवा. गाडीच्या शटरशिवाय घरात शिरायला दुसरं दार नसेल तर हे आजच करा.