घरातलं माणूस अटकेत आहे: खासगी वकील करावा की लोक अभिरक्षक?

पोराला रिमांडसाठी कोर्टात आणतात, तेव्हा बाहेर बाकावर बसलेली आई फीचा हिशेब मांडत असते. मंगळसूत्र मोडायचं की म्हैस विकायची? त्याआधी एवढं समजून घ्या: कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतोच. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार त्याचं उत्पन्न बघत नाहीत.

'फुकटचा वकील काय कामाचा?' असं लोक म्हणतात, पण त्यातही फरक आहे. पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला वकील स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून केसमागे मानधनावर काम करतो. लोक अभिरक्षक म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणारा वकील; ही २०२२च्या योजनेतली पूर्णवेळ नेमणूक आहे. दरमहा मानधन ठरलेलं असतं आणि खासगी केस घ्यायला बंदी असते. या फरकाने काय होतं, ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात दिसलं. तिथे खुनाच्या दर पाच आरोपींपैकी एक क्रमाने पूर्णवेळ बचाव कार्यालयाकडे जाई, उरलेले चार कोर्टाने नेमलेल्या खासगी वकिलांकडे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कार्यालयाच्या आरोपींत खुनासाठी दोषी ठरण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी आणि जन्मठेपेची शक्यता ६२ टक्क्यांनी कमी होती. नेमलेल्या वकिलांना मानधन तुटपुंजं होतं. कार्यालयाकडे स्वतःचे तपासनीस होते.

खासगी वकील तुम्ही निवडता, बदलू शकता, ही मोठी सोय. पण फी शेवटपर्यंत झेपणार असेल तरच. पैसे संपल्यावर तारखा नुसत्याच पडत राहतात, हे फार वाईट.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रिमांडलाच लोक अभिरक्षक मागा. एकाच केसमधल्या दोन आरोपींचं म्हणणं एकमेकांविरुद्ध जात असेल, तर दुसऱ्यासाठी पॅनेल वकील मागा. वकील कोणताही असो, आरोपपत्राची मुदत विचारा. सहसा गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, मात्र आरोपपत्र येण्याआधी जामिनाचा अर्ज दाखल व्हायला हवा.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही म्हणून माणसं आत राहतात. तेव्हा रक्कम कमी करून घ्यायला किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडवायला लोक अभिरक्षकही अर्ज करू शकतो. त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. वकील हवा असल्यास तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.