मृत्यूची जुनी नोंद काढून देतो म्हणाला आणि २१,५५० रुपये घेऊन गेला

आधी हिशेब देतो. ५०० रुपये शोध फी. २,३५० अभिलेख कक्षाची. ६,८०० मोडी लिप्यंतर आणि साक्षांकन. ११,९०० 'एसडीओ साहेबांचा', म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचा, आदेश. एकूण २१,५५०. सगळे एका एजंटाला, यूपीआयने, माझ्या हाताने. मिळाले दोन कागद, दोन्ही बनावट.

थोरले आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे मोठे भाऊ, १९५८ साली वारले. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी सातबारावर त्यांचं नाव अजून तसंच आहे. इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही, कारण जमीन घरातच कसली जात होती. आता काकांना विहिरीचं प्रकरण करायचंय, तर तलाठी म्हणतो वारस नोंद लावा, आणि वारस नोंदीला मृत्यूचा दाखला आणा. १९५८ चा!

ग्रामपंचायतीत विचारलं. ते म्हणाले आमच्याकडची रजिस्टरं नंतरची, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा. त्याआधीचं कोतवाल बुकात बघा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या वहीत, नमुना १४, तहसीलला. तहसीलला गेलो तर अभिलेख कक्षाला कुलूप, संबंधित कर्मचारी प्रशिक्षणाला. पुढच्या वेळी तो होता, पण म्हणाला त्या गावाचं दप्तर वाळवीने गेलंय, 'बहुतेक'. हे लेखी द्या म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याची किडनी मागतोय. मी राहतो डोंबिवलीत, नोकरी खासगी, सुट्ट्या मोजक्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'स्वतः जाऊन का नाही काढलं' हा प्रश्न मला आता घरातले, बँकवाले आणि पोलीस असे सगळेच विचारून मोकळे झालेत. गेलो होतो हो! लोक एजंटाकडे हौसेने जात नाहीत.

तर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेव्हण्याने एक नंबर टाकला. 'जुन्या नोंदी शोधून मिळतील, कुणबी, जन्म, मृत्यू.' माणूस फोनवर अतिशय गोड. 'दादा, काळजी करू नका.' आणि त्याला खरंच माहिती होती. कोतवाल बुक, नमुना १४, हक्क नोंद, फेरफार, सगळं न अडखळता बोलायचा. त्याच तहसीलमध्ये आपला माणूस बसलेला आहे म्हणाला. ५०० दिले. नोंद कुठल्या गठ्ठ्यात आहे ते कळलं म्हणून २,३५० दिले. मग एका पिवळ्या पडलेल्या, मोडीतल्या पानाचा फोटो आला, एका ओळीवर लाल गोल केलेला. 'ही बघा तुमच्या आजोबांची नोंद.'

मला मोडी येत नाही. तुमच्यापैकी किती जणांना येते? २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना काय मागणी आली ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे ६,८०० हा भाव मला जास्त वाटला, पण अशक्य वाटला नाही. आता कळतंय ते असं. एक, कुणबी नोंदींच्या निमित्ताने कोतवाल बुकांची स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर चढवलेली आहेत, कुणीही उतरवून घ्यावीत. दोन, ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांना मोडी येते, त्यांनी ते पान वाचलं आणि ते निघालं जन्माच्या नोंदींचं, गावही दुसरंच. तीन, १९५८ पर्यंत मोडी मागे पडून सरकारी दप्तर बरंचसं बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आलेलं होतं. त्या सालच्या नोंदीसाठी कुणी मोडी वाचनाचे पैसे मागत असेल तर आधी पान मागा आणि ते तिसऱ्याच माणसाकडून वाचून घ्या.

पण हे सगळं नंतरचं. जिथे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं ती जागा वेगळी आहे, आणि ती आठवली की अजून डोकं फिरतं.

शोध सुरू करण्याआधी त्याने विचारलं, 'दादा, आजोबा गावातच वारले ना?' मी म्हटलं, नाही, मिरजेला, दवाखान्यात. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे. वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, मिरजेहून ट्रकमधून मयत आणली ते अजून सांगतात. मी एवढं बोललो आणि पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, 'मग तर सोपंच आहे, दोन्हीकडे नोंद असते.'

दोन्हीकडे नसते! मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, तो राहायला कुठे होता त्यावर नाही. मिरजेला वारले तर मिरजेच्या नगरपालिकेच्या रजिस्टरात. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, माझ्या सासूबाईंचा दाखला आम्ही ठाण्यातूनच काढलाय, कारण त्या ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. तरी त्या क्षणी मी 'हो का, बरं झालं' म्हणालो. का? कारण कुणीतरी पहिल्यांदाच 'सोपं आहे' म्हटलं होतं. तहसीलमधून आल्यावर हा शब्द ऐकायला माणूस किती आसुसलेला असतो, हे त्या लोकांना बरोबर माहीत असतं.

दुसरी गोष्ट तर शाळेतल्या पोराच्याही लक्षात आली असती. नोंद 'सापडल्यावर' त्याने ११,९०० मागितले ते उशिरा नोंदणीच्या आदेशासाठी. अहो, नोंद आहे तर रजिस्टरचा उतारा मिळतो, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७. नोंद झालीच नाही तर उशिरा नोंदणी, कलम १३. एकाच मृत्यूला दोन्ही कसं लागेल? पण त्याने घाबरवलं छान. २०२५ च्या जानेवारीत राज्याने उशिराच्या दाखल्यांना स्थगिती दिली होती आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली, ते पेपरात मीही वाचलेलं. 'दादा, परत कधी बंद होईल सांगता येत नाही, आत्ता सही होतेय तोवर घ्या.' घेतली.

कागद पीडीएफमध्ये आले. एक 'मूळ नोंदीची हुबेहूब नक्कल', दुसरा क्यूआर कोडवाला दाखला. कोड स्कॅन केला, संकेतस्थळ उघडलं, त्यावर आजोबांचं नाव आलं, सिंहमुद्रा आली. मी अजून काय तपासायचं होतं? असं तेव्हा वाटलं. पत्त्याच्या शेवटी नुसतं 'डॉट इन' होतं, 'जीओव्ही डॉट इन' नव्हतं. एवढंच बघा, बाकी सिंह, तिरंगा, अशोकचक्र काय वाटेल ते चिकटवता येतं.

वारस नोंदीसाठी कागद घेऊन गेलो, तर मंडळ अधिकाऱ्यांनी (तलाठ्याच्या वरचे साहेब) नक्कल हातात घेतली आणि हसले. वर छापलेलं, 'महाराष्ट्र शासन, जिल्हा सांगली'. खाली तारीख १९५८. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, आणि १९५८ मध्ये आमचा जिल्हा होता दक्षिण सातारा. शिवाय मृत्यूचं कारण 'हृदयविकाराचा झटका' असं ठळक अक्षरात. उताऱ्यात मृत्यूचं कारण द्यायचंच नाही असं कलम १७ मध्येच आहे. म्हणजे एका कागदावर तीन पुरावे, आणि मी तो लॅमिनेट करून नेला होता.

हसून झाल्यावर साहेब म्हणाले, 'बनावट दस्त सादर केला म्हणून तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो.' वा! दप्तर दाखवायला माणूस नाही, वाळवी लागली हे लेखी द्यायला माणूस नाही, पण माझ्यावर गुन्हा दाखल करायला माणसं तयार. तहसीलमध्ये सांगितलं की तुमच्या कक्षातला माणूस म्हणून हा सांगतो, तर उत्तर, 'असं सगळेच सांगतात.' सगळेच सांगतात हे माहीत आहे, तर दारावर एक पाटी तरी लावा! तेही लेखी द्या म्हणाले. मी दिलं. पोच मागितली तर आवक-जावकचा क्लार्क जेवायला गेलेला.

पोलिसांकडे वेगळी तऱ्हा. इथले म्हणतात कागद तिकडचा, तिकडे जा. तिकडचे म्हणतात पैसे डोंबिवलीतून गेले, तिकडे जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, हे मी वाचून गेलो होतो. हवालदार म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' नाही, मी लुटला गेलेला माणूस आहे. वर सल्ला मिळाला की शॉर्टकट मारायला गेलात म्हणून असं झालं. बँकेने सांगितलं व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण उशीर झाला होता. ज्या खात्यात माझे पैसे गेले त्यात ३१२ रुपये उरले होते, तेवढे गोठवलेत. शंका आल्याच्या पहिल्या तासात १९३० फिरवा, मेव्हण्याला फोन नंतर करा. मी उलटं केलं. मेव्हणा म्हणतो त्याने फक्त फॉरवर्ड केलं होतं.

आणखी एक. फोटो, पावत्या, चॅट काहीही डिलीट करू नका. मी रागात अर्धं चॅट उडवलं, आता सायबरवाले तेच मागतात.

खऱ्या दाखल्याला सरकारी फी चहा-वड्याएवढी असते, हजारात कधीच नसते. तहसील दाद देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप. मग 'बहुतेक वाळवी' म्हणून भागत नाही, तीस दिवसांत लेखी द्यावं लागतं.

मिरजेला आता अर्ज दिलाय, महापालिकेत, कारण जुनी नगरपालिका तिच्यातच गेली. नाव, वडिलांचं नाव, गाव, साल आणि वडिलांना आठवतं त्याप्रमाणे महिना, आषाढ. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, पोच दिली, कुठलाही एजंट सुचवला नाही. शोधूनही नोंद मिळाली नाही तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला मिळतो, तोही मागितलाय. तो चालेल असं मंडळ अधिकारी तोंडी म्हणालेत. मी ते लेखी मागितलंय.