स्मार्ट मीटर: सिमकार्ड की रेडिओ जाळे?
लातूरच्या एका अभियंता मित्रापुढे प्रश्न आहे की, स्मार्ट मीटरचे वाचन कार्यालयापर्यंत आणण्यासाठी प्रत्येक मीटरमध्ये सिमकार्ड घालावे की मीटरांचे रेडिओ जाळे उभारावे.

सिमकार्डाची उभारणी स्वस्त पडते, पण दर मीटरमागे भाडे कायमचे लागते. रेडिओ जाळे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालत असल्याने ते भाडे वाचते, मात्र मीटरांची वाचने गोळा करून कार्यालयाकडे धाडणारे संग्राहक खांबांवर बसवावे लागतात.

खरा कस पोहोचीचा आहे. गंजगोलाई या लातूरच्या बाजारपेठेभोवतीच्या दाट वस्तीत एका मीटरचा निरोप शेजारचा मीटर पुढे ढकलतो आणि मधला एखादा बंद पडला तरी दुसरी वाट सापडते, तर जिन्याखालच्या लोखंडी पेटीत सिमकार्डाला बऱ्याचदा रेंजच मिळत नाही. याउलट शेतातल्या आखाड्यावरील एकट्या मीटरला शेजारीच नसल्याने तिथे जाळे विणले जात नाही.

लांबलेल्या भारनियमनात मोबाइल मनोऱ्याची बॅटरी उतरली की सिमकार्ड मुके होते. संग्राहकही बहुधा त्याच मोबाइल जाळ्यावर विसंबून असल्याने रेडिओ जाळ्यानेही फार मिरवू नये.

म्हणून पेठेसाठी रेडिओ जाळे आणि आखाडे-तांड्यांसाठी सिमकार्ड योग्य ठरते. मित्राच्या हद्दीत दोन्ही असल्याने त्याने संपर्काचा भाग बदलता येणारेच मीटर मागवावेत.