'इको'चं मुखपृष्ठ : अमेरिकी की युरोपीय?

प्लेस्टेशन २ वरच्या 'इको' या व्हिडिओ गेमची एकच प्रत घ्यायची, तर कुठली?

चित्र पाहिलं तर निवड सरळ आहे. युरोप आणि जपानच्या प्रतींवर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलेलं चित्र आहे. जॉर्जिओ दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या शैलीचा त्यावर उघड ठसा आहे: भव्य कमानी, लांबलचक सावल्या, आणि हात धरून धावणारी दोन इवलीशी माणसं. खेळातला एकटेपणा त्या रिकाम्या जागेतच आहे. अमेरिकी मुखपृष्ठावर संगणकावर घडवलेली पात्रं मोठी करून पुढे आणली आहेत आणि तो एकटेपणा पार हरवला आहे.

टिकाऊपणात मात्र अमेरिकी प्रत सरस. प्लास्टिकची डबी फुटली तर बदलता येते. युरोपची २००२ ची पहिली आवृत्ती पुठ्ठ्याच्या वेष्टनात आली. कोपरे झिजतात, दमट हवेत पुठ्ठा फुगतो. सोबतची चार चित्रकार्डं आहेत ना, हे पैसे देण्याआधी मोजा. २००६ ची युरोपीय पुनरावृत्ती प्लास्टिकच्या डबीत मिळते.

आतला खेळही वेगळा आहे. अमेरिकी आवृत्ती सप्टेंबर २००१ मध्ये, सगळ्यांत आधी आली. दुसऱ्यांदा खेळताना, नायकासोबतच्या योर्दा या अनोळखी भाषा बोलणाऱ्या मुलीच्या बोलण्याचा अर्थ कळणं आणि दोघांनी मिळून खेळणं, या सोयी त्या आवृत्तीत नाहीत.

तबकडीला विभागाचं कुलूप असतं, म्हणजे एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालत नाही, म्हणून आधी यंत्र तपासा. अमेरिकी यंत्रावर खेळायचं असेल तर अमेरिकी प्रत. पाल, म्हणजे युरोपीय विभागाचं, यंत्र असेल आणि खेळायचंही असेल तर २००६ ची. फक्त कपाटात मांडायची असेल तर २००२ चा पुठ्ठा, उन्हापासून दूर.