'काउच टू ५के': दम वाढतो, पण नडगीचं काय?

धावायला सुरुवात करायची म्हटलं की कोणीतरी हमखास 'काउच टू ५के' (सोफ्यावरून ५ किलोमीटरपर्यंत) सुचवतं. अमेरिकेतल्या जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये ही योजना आखली. मुळीच न धावणाऱ्या माणसाला नऊ आठवड्यांत सलग अर्धा तास धावता यावं, हा तिचा उद्देश. आठवड्यातून तीन दिवस धावायचं आणि मधे किमान एक दिवस पायांना विश्रांती द्यायची. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, ती आधी ध्वनिफितींतून आणि पुढे बीबीसीबरोबर काढलेल्या अ‍ॅपमधून मोफत दिली. विनोदी कलाकार सारा मिलिकन, ऑलिंपिक विजेता मायकल जॉन्सन अशांपैकी आपल्याला आवडेल तो आवाज निवडायचा, तो कानात 'आता धावा', 'आता चाला' सांगत राहतो. इंग्रजी सूचना नको असतील तर मोबाइलमधला साधा इंटरव्हल टायमरही पुरतो, कारण खरा माल त्या वेळापत्रकात आहे.

आणि तो माल चांगला आहे. पाच मिनिटं झपझप चाल, मग एक मिनिट धावणं आणि दीड मिनिट चालणं असं वीस मिनिटं, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाल: पहिला आठवडा इतकाच. नवखा माणूस पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हतो, ते इथे टळतं. धावण्याआधी उभ्या उभ्या स्नायू ताणत बसण्याऐवजी चालून अंग तापवायला लावलंय, हेही योग्यच. नुसत्या ताणण्याने दुखापती कमी होत नाहीत.

मात्र ही योजना माणसाचा दम बघून आखली आहे आणि अडचण तिथेच आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. नडगीचं हाड, टाचेमागची शीर (अकिलीस) आणि तळव्याचा पट्टा यांना महिने लागतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात धाप लागणं कमी होतं, वेग आपोआप वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी पाय मागे पडलेले असतात.

वेळापत्रकातली निव्वळ धावण्याची मिनिटं आठवड्यागणिक मोजली तर चित्र स्पष्ट होतं: २४, २७, २७, ४८, ५१, ६३, ७५, ८४, ९०. सगळे घाबरतात ते पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवसाला, कारण त्या दिवशी पहिल्यांदा सलग २० मिनिटं धावायचं असतं. पण पायांवरची खरी उडी त्याच्या आधीची, तिसऱ्यावरून चौथ्या आठवड्यात जातानाची आहे. २७ मिनिटांवरून थेट ४८, म्हणजे पाऊणपटीहून जास्त वाढ. पाचव्या आठवड्यात तर जेमतेम तीन मिनिटं वाढतात. त्या आठवड्यात नडगी ठणकू लागली की लोक २० मिनिटांच्या धावेला दोष देतात, पण बीज आधीच्या आठवड्यात पेरलेलं असतं.

उपाय सोपा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यांच्या मधे एक जादा आठवडा घाला. त्यात ३ मिनिटं धावा, दीड मिनिट चाला. ३ धावा, अडीच चाला. ३ धावा, दीड चाला. शेवटी ३ धावा. दिवसाला १२ मिनिटं, आठवड्याला ३६. म्हणजे २७, ३६, ४८ अशी चढण होते, दर टप्प्याला एक तृतीयांश. योजना दहा आठवड्यांची होईल, एवढंच. मुळात अडलं तर तोच आठवडा पुन्हा करण्याची मुभा एनएचएसही देतं. ती मुभा वापरण्यात कमीपणा नाही.

तरीही नुसतं हळूहळू वाढवणं पुरेसं नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे नवख्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाने आठ आठवड्यांची नेहमीची योजना पाळली, दुसऱ्याने १३ आठवड्यांची सावकाश वाढणारी. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखावला. काळ लांबवून आकडा हलला नाही. याचा अर्थ घाई चालते असा काढू नये. पायांची ताकद आणि पाऊल टाकण्याची ढब यांच्याकडेही बघायला हवं, असा मी काढतो. आणि या दोन्हींबाबत ही योजना जवळजवळ गप्प आहे. माझी तिच्याविषयीची मुख्य तक्रार हीच.

आधी ढब. नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे लांब टाकलेलं पाऊल. पाय शरीराच्या बराच पुढे, गुडघा जवळपास सरळ ठेवून टाचेवर आदळतो. प्रत्येक पाऊल ब्रेक लावल्यासारखं पडतं आणि तो धक्का नडगी व गुडघ्याला बसतो. हे सुधारायला 'चवड्यावर उतरा' असं सांगण्याची रीत आहे, ती मला मान्य नाही. टाचेवर उतरणारा माणूस एकदम चवड्यावर आला की भार गुडघ्यावरून काढून पोटरी आणि अकिलीसवर टाकतो, म्हणजे दुखणं फक्त जागा बदलतं. त्यापेक्षा पावलांची लय वाढवा. नेहमीच्या वेगात धावताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. ३९ आले तर मिनिटाला १५६ पावलं. त्यात पाच टक्के वाढ म्हणजे १६४. मोबाइलवरचा मेट्रोनोम (टिकटिक ठेका देणारं अ‍ॅप) त्या आकड्यावर लावा आणि धावेत तीनदा, एकेक मिनिट त्या ठेक्यावर धावा. दोन आठवड्यांनी दर वेळी दोन मिनिटं. वेग तोच राहिला पाहिजे. ठेका वाढवताना वेगही वाढतो ही इथली ठरलेली चूक, मग पाऊल लहान होतच नाही. लय पाच ते दहा टक्के वाढली की गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे मोजून दाखवलं गेलं आहे. १८० पावलांचा आकडा मात्र सगळ्यांना लागू करू नका. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली, तिथून तो आला. किलोमीटरला आठ मिनिटं घेणाऱ्याने त्यामागे लागायचं कारण नाही.

आता ताकद. न धावण्याच्या दिवसांपैकी दोन दिवस २० मिनिटं काढा. सर्वांत आधी पोटरी, कारण धावताना तिच्याइतका भार दुसरा स्नायू क्वचितच घेतो. जिन्याच्या पायरीवर एका पायाचा चवडा टेकवा, कठड्याला बोटं लावा, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. आठचे तीन संच, हळूहळू १५ पर्यंत. काही संच गुडघा सरळ ठेवून, काही किंचित वाकवून करा, कारण पोटरीच्या खोल स्नायूला गुडघा वाकल्यावर जास्त काम पडतं. एका पायावर सलग २५ वेळा नीट होऊ लागलं की पोटरी धावण्याजोगी झाली असं समजायला हरकत नाही. झटके देऊन केलेले मोजू नका. दुसरा व्यायाम, १५ ते २० सेंटिमीटर उंच पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरण्याचा. समोर आरसा ठेवा. गुडघा आतल्या बाजूला घसरत असेल तर खुब्याचे स्नायू कच्चे आहेत. तेव्हा पायरी कमी उंचीची घ्या आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचे संच वाढवा.

बुटांबद्दल थोडक्यात. टाच आणि चवड्याच्या उंचीत जास्त फरक असलेले बूट भार गुडघ्याकडे सरकवतात, सपाट बूट पोटरी आणि अकिलीसकडे. योजनेच्या मधेच एकातून दुसऱ्यात उडी मारू नका. रस्त्याच्या कडेच्या उतारावर रोज एकाच बाजूने धावू नका, मैदानात फेऱ्या मारत असाल तर दिशा बदला.

दुखायला लागलं तर काय, याबाबत अ‍ॅप फारसं सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर. धावताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल, धावता धावता वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर त्या आठवड्यावर थांबून पुढे न जाता चालू ठेवता येतं. यातली एक जरी अट मोडली तर दोन आठवडे मागे या. लंगडत असाल तर धावूच नका. आणि धावण्याआधी पेनकिलर घेऊन दुखणं दाबू नका. आपल्याकडे शर्यतीच्या सकाळी हे सर्रास होतं. शरीर देत असलेली एकमेव सूचना त्याने बंद पडते.

नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्या. दुखणं पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर ते बहुधा नडगीचं नेहमीचं दुखणं, धावणं कमी करून आणि पोटरीची ताकद वाढवून बरं होणारं. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी हाड टोचत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर एक उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. धावणं त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला निघू नका.

जिना उतरताना किंवा फार वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर चढ-उतार टाळा, पावलांची लय वाढवा, खुब्याचे व्यायाम सोडू नका. सकाळी पहिल्या पावलाला टाचेखाली कळ येत असेल तर टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवून पायरीवर एका पायावर वर-खाली व्हा: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली, एक दिवसाआड. आणि अकिलीस मधोमध दुखत असेल तर स्वीडनचे डॉक्टर अल्फ्रेडसन यांची पद्धत अजूनही कामाची: दोन्ही पायांवर वर जायचं, दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच पायरीखाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच आणि वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. शीर जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर मात्र टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नका. तिथे शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं.

नावाबद्दलही एक गोष्ट. नवव्या आठवड्याअखेर ३० मिनिटं धावता येतं, ५ किलोमीटर नव्हे. किलोमीटरला आठ मिनिटं लागत असतील तर अंतर पावणेचार किलोमीटर भरतं. अ‍ॅपच्या नावातले '५' गाठायला शेवटच्या दोन आठवड्यांत वेग वाढवणारे पुष्कळ असतात आणि पोटरी धरून बसतात. लंडनजवळ राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवारी सकाळी नऊच्या पार्करनमध्ये (बागेतली ५ किलोमीटरची मोफत सामूहिक धाव) जायचं असेल, तर ५ किलोमीटर धावत-चालत पुरे करा, तिथे चालणाऱ्यालाही मनापासून सामावून घेतात.

महाराष्ट्रात ही योजना कधी सुरू करावी? एप्रिल-मे टाळा. उन्हात आणि दमटपणात तोच वेग जास्त श्रमाचा होतो, थकलेल्या पायांची ढब आधी बिघडते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या १० किलोमीटरचा विचार असेल तर जादा आठवड्यासह १० आठवडे ही योजना, मग तीन आठवडे ३० मिनिटांवरच मुक्काम, आणि त्यानंतर आठ आठवडे तीनपैकी एकच धाव दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवत न्यायची. हिशेब २१ आठवड्यांचा होतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला पहिलं पाऊल पडायला हवं.