पेंटॅक्स के१०००: काटा खोटं बोलतो, पण रोज एकच खोटं

यंदाच्या पोळ्याला मी तोरणाखाली उभं राहून ३६ फोटो काढले. झूल पांघरलेल्या जोड्या, बेगड लावलेली शिंगं, झडत्या (पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी) म्हणताना गळ्याच्या शिरा ताणलेले म्हातारे. रात्री रोल धुतला तर पट्टी काचेसारखी साफ. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे मात्र ठळक उमटले होते, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाची चूक नव्हती. फिल्मची जीभ आतल्या चकरीत अडकलीच नव्हती. मी दिवसभर कोरा कॅमेरा खटखट वाजवत हिंडलो. बाबांनी पट्टी उजेडासमोर धरली अन् म्हणाले, "काहाचे फोटो काढले गा दिवसभर? बैल तं एकबी दिसून नाही रायला."

तेव्हा पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा घेणाऱ्याला पहिली गोष्ट सांगतो. रोल भरून मागचं झाकण लावलं की लिव्हर ओढताना डाव्या हाताची गुंडाळायची खुंटी फिरते का, ते पाहा. ती फिरली तरच फिल्म पुढं सरकते आहे. माझा आकडा ३६ च्या पुढं गेला तरी लिव्हर मोकळी येत होती, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

माझं आर्वी तालुक्यात कृषी केंद्र आहे. फोटोचा नाद तीन वर्षांचा. आधी डिजिटल निकॉन डी५६०० घेतला, मग गेल्या वर्षी नागपुरातून हा पेंटॅक्स, ५० एमएम एफ/२ लेन्ससकट साडेनऊ हजारांना. हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. सुरुवातीचे जपानी आणि धातूचे, नंतरचे हाँगकाँगचे आणि शेवटी चीनचे, त्या चिनी मालात प्लास्टिक शिरलं. माझा धातूचा आहे, गळ्यात अडकवला की अर्ध्या तासात मान आठवण करून देते. शटर पूर्ण यांत्रिक, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत. सेल संपला तरी फोटो निघतो, फक्त उजेड मोजणारा काटा मरतो.

विकणाऱ्यानं "पूर्ण सर्व्हिस केलेला आहे" म्हणून छातीठोक सांगितलं होतं. पहिल्याच रोलवर प्रत्येक फोटोत कडेनं पांढरा पट्टा. झाकणाच्या खाचेतला फोम विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता आणि तिथून उजेड शिरत होता. दाताच्या काडीनं खरवडून, स्पिरिटनं पुसून त्या खाचेत बायकोच्या विणकामातली काळी लोकर बसवली. वर्ष झालं, पट्टा नाही. विकणाऱ्याला फोन केला तर त्यानं नवीन लेन्स घेता का विचारलं.

आता काट्याचं. डोळा लावला की उजवीकडं एक काटा दिसतो. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं मोठं) किंवा शटर फिरवून तो मधोमध आणायचा, झालं. काटा समोरच्या सगळ्या चित्राचा सरासरी उजेड मोजतो आणि समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. आमच्याकडं ती वावरात कळते, कारण आमच्या वावरात करडं काही नसतंच. खाली काळी माती, वर पांढरा कापूस.

सीतादहीच्या (कापूस वेचणीआधीच्या पूजेच्या) दिवशी बोंडं फुटलेल्या वावराचे फोटो मी काटा इमानदारीनं मधोमध ठेवून काढले. कापूस मळक्या गोणपाटासारखा आला. काट्यानं पांढऱ्याला करडं केलं. नांगरलेल्या रानाचे काढले तर उलटं, काळी माती राखेसारखी. त्यानंतर कापूस असला की मी दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड देतो आणि माती असली की एक कमी. आणखी सोपा उपाय वावरातच उभा आहे. कपाशीत तूर असते. उजेडाच्या मापात हिरवी तूर जवळपास मध्यम करडीच. कॅमेरा आधी तुरीवर धरायचा, तिच्यावर काटा जुळवायचा, मग काही न फिरवता कापसाचा फोटो घ्यायचा. उजेड मात्र दोघांवर सारखा पाहिजे.

हेच डिजिटलवरही घडत होतं, पण मागच्या पडद्यावर लगेच दिसायचं, मी आकडा सरकवायचो आणि विसरून जायचो. फिल्मवर उत्तर महिन्यानं आलं, म्हणून लक्षात राहिलं. दोघांचे स्वभाव मात्र उलटे. डिजिटलमध्ये कापूस एकदा जळून पांढरा फटक झाला की काही केल्या परत येत नाही, तिथं हात आखडता ठेवावा. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पचवते, पण सावलीत कमी पडला तर तिथं काहीच उरत नाही. म्हणून फिल्मवर मी छपरीखाली बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावर मोजतो, आणि निकॉननं काढताना अंगणातल्या उन्हावर.

आमच्या उन्हाला ४०० ची फिल्म (आकडा जितका मोठा तितका तिला उजेड कमी लागतो) जड जाते. भर दुपारी एफ/१६ वर १/५०० लागतो, आणि कॅमेऱ्याची धाव १/१००० वर संपते. म्हणजे एफ/११ च्या खाली उतरताच येत नाही, मागचं रान धूसर करायचं विसरा. १०० ची फिल्म घातली तर त्याच उन्हात एफ/५.६ वर निभतं. पाऊस-हिवाळ्यात ४००, होळीनंतर १०० असा माझा हिशोब.

रोल घरीच धुतो. मिलीलीटर आणि प्रमाण हे माझं रोजचंच काम. (फवारणीचं माप मात्र यात वापरू नका, वेगळं घ्या. दुकानातलं उचललं म्हणून बायकोनं मला आठवडाभर ऐकवलं.) एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ हे डेव्हलपर (चित्र उमटवणारं औषध) समान पाण्यात मिसळलं की २० अंशांना १३ मिनिटं लागतात. मे महिन्यात २० अंश कुठून आणायचे? माठातलं पाणी २६ भरतं, त्यात बर्फाची बंद पिशवी सोडून २४ वर आणतो आणि वेळ ९ मिनिटांच्या आसपास ठेवतो. एकदा सगळं नीट करून शेवटी धुवायला गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. थंडाव्यातून एकदम कढत पाण्यात गेल्यावर फिल्मवरचं जिलेटिन फुगून सुरकुतलं आणि आजीच्या गालांवर उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडल्या. तिला तो फोटो आवडला, मला नाही. रंगीत फिल्मच्या डेव्हलपरला ३८ अंश लागतात, ते टाकीत फुकट मिळतात, पण तिथं अर्ध्या अंशाचीही चूक चालत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

खोडी सांगायच्या तर सेल्फ-टायमर नाही. वर्षभरात घरच्या एकाही फोटोत मी नाही. शटरचा आकडा आत दिसत नाही, डोळा काढून वर पाहावं लागतं, तोवर बगळा उडालेला असतो. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी काटा मंदावतो. आणि रोल आता हजाराच्या घरात गेला, म्हणजे एक फोटो जवळपास तीस रुपयांना. ज्याला लग्नं, वाढदिवस काढायचे आहेत त्यानं डिजिटलच घ्यावा. ज्याला उजेड कळून घ्यायचा आहे आणि रोल वाया गेलेले सोसतात, त्यानं हा घ्यावा, पण झाकण उघडून खाचेतून बोट फिरवल्याशिवाय पैसे देऊ नये.

काट्याला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर टोपी ठेवली की अंधारात तो थांबतो, टोपी विसरली की सेल उतरतो. सेल एलआर४४, आर्वीच्या स्टँडजवळ घड्याळवाल्याकडं मिळतो. दोन आणा, कारण आमच्या घरी एक नेहमी पोराच्या खेळण्यात सापडतो.